थरथरीत दडलेले चार नॅनोमीटर

स्नायू आखडतो तेव्हा मायोसिन नावाचं प्रथिन अ‍ॅक्टिनच्या धाग्याला पकडतं, ओढतं आणि सोडून देतं. जिना चढताना मांडीत हेच चालतं, घास चावताना जबड्यात हेच, आणि ही ओळ वाचताना तुमचे डोळे डावीकडून उजवीकडे नेणाऱ्या चिमुकल्या स्नायूंतही हेच. एका पकडीत मायोसिनचा एक रेणू धागा किती ओढतो? एवढाच प्रश्न. १९९४ साली त्याचं उत्तर ११ नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) असं छापून आलं आणि १९९५ साली ४ नॅनोमीटर. दोन्ही निबंध ‘नेचर’मध्ये, दोन्हींची उपकरणं जवळजवळ सारखी, आणि दोन्ही गट आपल्या कामात अत्यंत वाकबगार.

मी संख्याशास्त्र शिकून जीवभौतिकीच्या प्रयोगशाळेत आले. या दोन आकड्यांमधल्या ७ नॅनोमीटरनी मला जेवढं शिकवलं तेवढं एकाही अभ्यासक्रमाने शिकवलं नाही. प्रयोगशाळेत कुणी नवीन आलं की मी आधी हीच गोष्ट सांगायला घेते.

प्रयोगाची मांडणी अशी असते. लेसरचा झोत सूक्ष्मदर्शकाच्या भिंगातून एका बिंदूवर एकवटला की त्या बिंदूपाशी प्लास्टिकचा बारीकसा मणी अडकून राहतो. आर्थर ॲश्किन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेल लॅब्जमध्ये १९८६ साली हा प्रकाशाचा सापळा करून दाखवला; २०१८ साली ॲश्किनना नोबेल मिळालं तेव्हा ते ९६ वर्षांचे होते. असे दोन सापळे घ्यायचे, त्यांत दोन मणी, आणि मण्यांच्या मध्ये ताणलेला अ‍ॅक्टिनचा एकच धागा. खाली काचेवर पक्का बसवलेला तिसरा मणी असतो. त्याच्यावर मायोसिन इतकं विरळ असतं की धाग्याला एका वेळी एकच रेणू सापडावा. धागा त्यावर अलगद टेकवायचा आणि सापळ्यातल्या मण्याची जागा सेकंदाला हजारो वेळा नोंदवत राहायचं. त्यातून पडद्यावर जी वेडीवाकडी रेघ उमटते तिला आमच्याकडे ट्रेस म्हणतात.

पहिल्यांदा ट्रेस पाहणाऱ्याची निराशाच होते. पुस्तकातल्या चित्रात मायोसिन धागा ऐटीत ओढत असतो. पडद्यावर मात्र एक जाड, केसाळ पट्टा दिसतो, कारण पाण्याचे रेणू मण्याला चोहोबाजूंनी सतत ढोसत असतात आणि सापळा त्याला मऊ स्प्रिंगसारखा पुन्हा मध्यावर ओढत असतो. या ओढाताणीचा हिशेब मात्र अगदी चोख आहे. खोलीच्या तापमानाला उष्णतेची ऊर्जा सुमारे ४.१ पिकोन्यूटन-नॅनोमीटर भरते (पिकोन्यूटन हे बलाचं अतिसूक्ष्म एकक). तिला सापळ्याच्या कडकपणाने भागलं की मण्याच्या जागेचा व्हेरियन्स, म्हणजे ती किती पसरते याचं माप, मिळतो. दोन्ही सापळ्यांचा मिळून कडकपणा ०.०४ पिकोन्यूटन प्रति नॅनोमीटर धरा. व्हेरियन्स आला १०० च्या आसपास, म्हणजे त्याचं वर्गमूळ, प्रमाण विचलन, साधारण १० नॅनोमीटर. शोधायचे आहेत चार आणि मणी स्वतःच दहा-दहा नॅनोमीटर इकडेतिकडे होतोय. सापळा कडक केला तर थरथर कमी होईल हे खरं, पण मग मायोसिनला धागा मोकळेपणाने ओढताच येणार नाही.

मग पकड झाली हे ओळखायचं कसं? सगळ्यात आधी सुचतं ते म्हणजे डोळ्यांनी बघायचं. पट्टा एकदम वर सरकला, थोडा वेळ तिथेच थांबला, पुन्हा खाली आला, म्हणजे पकड झाली. जेम्स स्पुडिच, रॉबर्ट सिमन्स आणि जेफ्री फायनर यांच्या १९९४ च्या कामात अशा ठळक सरकण्यांची सरासरी ११ नॅनोमीटर भरली. एकाच मायोसिनची ओढ एकेक करून पडद्यावर दिसते हीच तेव्हा थक्क करणारी गोष्ट होती, आणि त्या प्रयोगाबद्दलचा माझा आदर पुढच्या हिशेबाने रेसभरही कमी होत नाही.

पुढच्या वर्षी जस्टिन मॉलॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसऱ्या खुणेवर बोट ठेवलं. गोठ्यात अंधार असला तरी वासराच्या गळ्यातल्या घंटेवरून कळतं की कुणीतरी त्याची मान धरली आहे, कारण घंटेचा नाद मंदावतो. वासरू किती सरकलं हे पाहायची गरज पडत नाही. मायोसिनने धागा धरला की सापळ्याच्या कडकपणात मायोसिनचा स्वतःचा कडकपणा मिळतो आणि थरथर एकदम उतरते. पट्टा बारीक होतो. तो वर सरकून बारीक झाला, खाली सरकून झाला की जागच्या जागी झाला, याचा ओळखण्याशी काही संबंध राहत नाही.

अशा पद्धतीने पकडी गोळा केल्या तेव्हा चित्र पार बदललं. काही पकडींत मणी ‘बरोबर’ दिशेला सरकलेला, काहींत चक्क उलट दिशेला. आता मायोसिन उलटा ओढत नाही हे नक्की. कारण साधं आहे. मायोसिन पकड घेतो त्या क्षणी धागा थरथरत थरथरत कुठेही असू शकतो, मध्यापासून दहा नॅनोमीटर पुढे किंवा पंधरा मागे. तिथून तो चार नॅनोमीटर ओढला जातो. मध्यापासून मोजलं तर जे दिसतं ते बरंचसं थरथरीचं देणं असतं आणि थोडंसं मायोसिनचं. अनेक पकडींचा हिस्टोग्राम, म्हणजे कुठलं सरकणं किती वेळा आलं याचा आलेख, मांडला की थरथरीइतकीच रुंद घंटाकृती उमटते, फक्त तिचा मध्य शून्यावरून सुमारे ४ नॅनोमीटर सरकलेला असतो. मायोसिनची ओढ म्हणजे तेवढं सरकणं.

हे समजलं त्या रात्री मी वहीत एक छोटा हिशेब केला. तो अजूनही प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला फळ्यावर करून दाखवते. सरासरी ४ आणि प्रमाण विचलन १० असलेलं नॉर्मल, म्हणजे घंटाकृती, वितरण घ्या. त्यात शंभरातल्या सुमारे ३४ पकडी उलट दिशेच्या दिसणार. त्या ‘बिघडलेल्या’ समजून टाकून दिल्या तर उरलेल्यांची सरासरी होते ९.६. मग २ नॅनोमीटरपेक्षा कमी सरकलेल्याही गाळल्या, कारण एवढं लहान सरकणं डोळ्यांना कुठे दिसतंय, तर सरासरी १०.८ वर जाते. जवळपास अकरा! १९९४ साली नेमकी अशीच गाळणी लागली होती असं मी म्हणत नाही. ठळक तेच घेण्याचं ओझं किती असतं ते या आकड्यांत दिसतं. हिशेबाचा पुढचा टप्पा तर मला जास्तच अस्वस्थ करतो. खरी ओढ शून्य धरा. मायोसिन नुसता धरतो आणि सोडतो, ओढत अजिबात नाही. तरीही फक्त एका बाजूच्या पकडी निवडल्या तर सरासरी ८ नॅनोमीटर येते. जे घडलंच नाही त्याची आठ नॅनोमीटरची ऐटबाज पायरी तयार!

मला इथे सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की कुठल्याही एका पकडीत ओढीचं माप नसतंच. क्षेत्राचं नाव एकल-रेणू जीवभौतिकी, एका वेळी एकच रेणू बघायचा हा त्याचा अभिमान, आणि तरी त्या एका रेणूचा सर्वात महत्त्वाचा आकडा मिळतो तो शेकडो पकडी एकत्र मांडल्यावरच. नव्या मुलांना हे पटवणं अवघड जातं. सगळ्यात देखणी ट्रेस उचलून तीच निबंधाच्या पहिल्या आकृतीत लावायची ओढ फार मोठी असते. मीही ती ट्रेस लावते, लावावीच. फक्त मोजमाप तिच्यावरून करायचं नसतं.

मध्यंतरी आमच्याकडे पुण्याची एक मुलगी प्रकल्पासाठी आली होती. दुपारभर ट्रेस चाळत बसायची.

“ताई, ही घेऊ का? हिच्यात धड काही दिसतच नाहीये.”

“नियम काय ठरलाय आपला?”

“व्हेरियन्स उतरला तर पकड.”

“मग उतरलाय का?”

“उतरलाय. पण मणी उलट्या बाजूला गेलाय.”

“मग उलट्या बाजूची नोंद कर. वजा सहा असेल तर वजा सहाच लिही.”

तिने लिहिलं, पण चेहऱ्यावर नापसंती होती आणि ती मला फार ओळखीची वाटली. संख्याशास्त्रात नियम आधी ठरवून मग आकडे बघायचे असतात हे वर्गात दहा मिनिटांत शिकवून होतं. प्रयोगशाळेत ते रोज नव्याने पाळावं लागतं, कारण समोरचा प्रत्येक आकडा कुणाच्या तरी रात्री जागून केलेल्या कष्टांचा असतो.

या गोष्टीचा शेवट दोन गटांच्या भांडणात झाला नाही हे मला आवडतं. १९९७ साली स्पुडिच यांच्या स्टॅनफर्डच्या गटानेच दोन्ही मण्यांच्या थरथरीतला परस्परसंबंध मोजून पकडी ओळखण्याची पद्धत दिली. मोकळे असताना धाग्याने जोडलेले दोन मणी एकमेकांबरोबर डोलतात. मध्ये मायोसिनने धागा धरला की ती सोबत तुटते. मॉलॉय यांच्या वर्तुळात पुढे शेकडो पकडी सुरुवातीच्या क्षणावर, आणि मग वेगळ्याने शेवटच्या क्षणावर, एकावर एक जुळवून सरासरी काढली गेली. सरासरीत थरथर विरते आणि जे सगळ्या पकडींत समान आहे ते उरतं. १९९९ मध्ये याच रीतीने दिसलं की मायोसिन-१ या भावंडाची ओढ दोन टप्प्यांची आहे, आधी सुमारे ६ नॅनोमीटर आणि सुटण्याआधी आणखी सुमारे साडेपाच. एकट्या ट्रेसमध्ये हे दोन टप्पे कुणाला दिसले नसते. त्याच वर्षी ओसाकाच्या तोशिओ यानागिदा यांच्या गटाने वेगळ्या उपकरणाने मायोसिनच्या ५.३ नॅनोमीटरच्या एकामागोमाग पायऱ्या मोजल्या आणि थरथर हेच मायोसिनचं इंधन आहे की काय असा मोठा वाद उभा राहिला. त्या वादात इथे शिरत नाही. त्याला स्वतंत्र लेख लागेल.

थरथरीकडे कचरा म्हणून न बघण्याची ही नजर मायोसिनच्याही आधीची आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये बर्नार्ड काट्झ आणि रिकार्डो मिलेडी यांनी १९७० च्या सुमाराला बेडकाच्या स्नायूवर मज्जातंतूंचा निरोप पोचवणारं रसायन अ‍ॅसिटिलकोलीन सोडलं आणि विद्युतदाबाची रेघ नुसती सरकत नाही, ती खरखरीतही होते हे टिपलं. अ‍ॅसिटिलकोलीनमुळे पेशीच्या पटलातली असंख्य बारीक दारं आपापल्या वेळी उघडतात-मिटतात, म्हणून ती खरखर. तिचा व्हेरियन्स आणि सरासरी यांच्या गुणोत्तरावरून त्यांनी एका घटनेचा वाटा काढला, सुमारे ०.३ मायक्रोव्होल्ट, आणि खरखरीच्या वेगावरून एक दार साधारण एक मिलिसेकंद उघडं राहतं असाही अंदाज बांधला. तोवर एकही दार कुणी पाहिलं नव्हतं. १९७६ मध्ये जर्मनीत एर्विन नेहर आणि बर्ट साकमान यांनी काचेच्या नळीच्या टोकाखाली एकच दार धरून त्यातून वाहणारे काही पिकोअँपिअरचे चौकोनी ठोके नोंदवले. १९९१ चं नोबेल त्यांना याच वाटेवरच्या कामासाठी मिळालं. खरखरीतून काढलेला हिशेब आधी आला, दर्शन नंतर. मला तर हा विसाव्या शतकातल्या संख्याशास्त्राच्या सर्वात सुंदर उपयोगांपैकी एक वाटतो.

कायनेसिनचंही तसंच. पेशीतल्या सूक्ष्मनलिकांवरून माल वाहणारं हे प्रथिन ८ नॅनोमीटरच्या पायऱ्यांनी चालतं हे स्टीव्हन ब्लॉक यांच्या गटाने १९९३ मध्ये दाखवलं. पण पायऱ्यांमध्ये आत काय घडतं? त्यासाठी त्यांनी कायनेसिनच्या चालीतला अनियमितपणा मोजला. अनेक कायनेसिन एकाच क्षणी निघाले तर काही वेळाने त्यांच्यात जी पांगापांग होईल, तिच्या व्हेरियन्सला सरासरी अंतर आणि पायरीची लांबी यांच्या गुणाकाराने भागायचं. घड्याळासारखी चाल असेल तर उत्तर शून्य. प्रत्येक पायरी एकाच यदृच्छ घटनेची वाट बघत असेल तर एक. एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन असलेला रेणू, भरपूर असताना उत्तर आलं अर्ध्याच्या आसपास, म्हणजे एका पायरीमागे किमान दोन रखडणाऱ्या घटना आहेत. एटीपी कमी केलं की ते एकाकडे सरकतं, कारण मग सगळी वाट एका एटीपीच्या येण्याचीच असते. उपकरणाला जे टप्पे दिसूच शकत नाहीत त्यांची संख्या चालीच्या बेशिस्तीतून कळावी, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा खुर्चीतून उठून खोलीत फेऱ्या मारल्या होत्या.

थरथरीशिवाय आणखी एक चोर आहे, तो म्हणजे वेळ. व्हेरियन्स उतरला हे कळायला काही क्षण जावे लागतात; त्याहून छोटी पकड नोंदलीच जात नाही. पकडींची खरी सरासरी मुदत १० मिलिसेकंद, वितरण एक्स्पोनेन्शियल (छोट्या पकडी जास्त, लांब पकडी झपाट्याने कमी) आणि आपली मर्यादाही १० मिलिसेकंद असेल, तर शंभरातल्या ६३ पकडी हातून निसटतात आणि उरलेल्यांची सरासरी येते २०. नुसत्या आकड्यावर विसंबलं तर मायोसिन दुप्पट चिवट ठरतो. एक्स्पोनेन्शियल वितरणाला स्मरणशक्ती नसते, पकड आतापर्यंत किती टिकली यावर ती पुढे किती टिकेल हे ठरत नाही, म्हणून इथे मर्यादेचे १० वजा केले की खरी सरासरी परत मिळते. पण दोन पकडींमधली छोटी सुटकाही निसटत असेल, तर दोन पकडी जुळून एक लांबलचक पकड दिसते आणि मग वजाबाकीने भागत नाही. डेव्हिड कोलकुहून आणि अ‍ॅलन हॉक्स यांनी आयन-वाहिन्यांसाठी, म्हणजे पेशीच्या पटलातल्या त्याच बारीक दारांसाठी, या निसटलेल्या घटनांचं गणित वर्षानुवर्षं रचलं. रुक्ष आहे, मॅट्रिक्सनी गच्च भरलेलं आहे, आणि माझ्या मते या क्षेत्रातलं सर्वात प्रामाणिक काम आहे, कारण ते न दिसलेल्या गोष्टींनाही हिशेबात जागा देतं.

आज हे बरंचसं काम हिडन मार्कोव्ह मॉडेल करतं. ट्रेसमागे काही मोजक्या अवस्था आहेत असं धरायचं आणि कुठल्या क्षणी कुठली अवस्था असण्याची शक्यता जास्त ते संगणकाने सांगायचं. अडचण येते अवस्था किती हे ठरवताना. जास्त अवस्था दिल्या की मॉडेल ट्रेसला नेहमीच जास्त घट्ट बसतं. बीआयसीसारखे संख्याशास्त्रीय निकष त्यावर दंड आकारतात, पण नॉइज, म्हणजे मोजमापातली थरथर, मॉडेलमध्ये धरला तसा नसेल, मणी हळूहळू घसरत असेल, तर त्या घसरणीलाही संगणक एक नवी ‘अवस्था’ बहाल करून मोकळा होतो. २०२२ मध्ये फ्लुरोसन्सच्या, म्हणजे रेणूंच्या चमकेच्या, ट्रेसवर विश्लेषणाच्या चौदा साधनांची आंधळी, म्हणजे उत्तर आधी न सांगता, परीक्षा घेतली गेली. साध्या दोन अवस्थांच्या बाबतीत मेळ चांगला बसला. गुंतागुंत वाढली तशी अडचणही वाढली. म्हणून आमच्याकडे खऱ्या ट्रेसला हात लावण्याआधी उत्तर माहीत असलेल्या खोट्या ट्रेस संगणकावर बनवायच्या, त्यांत मुद्दाम घसरण मिसळायची, आणि आपला प्रोग्राम त्यातून काय शोधतो ते पाहायचं, असा दंडक आहे. ओढ शून्य ठेवलेली एक ट्रेसही त्यात असतेच.

जिवंत पेशीत तर पाया आणखी हलतो. कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत रूप मल्लिक यांच्या गटाने पेशीच्या आत माल ओढणाऱ्या डायनिन नावाच्या प्रथिनाच्या चमूंचं बल ऑप्टिकल ट्रॅपने, म्हणजे याच प्रकाशाच्या सापळ्याने, मोजलं. २०१३ चं ते काम मी फार आदराने वाचते. पेशीत ४.१ ला कडकपणाने भागायचं ते साधं सूत्र जसंच्या तसं चालत नाही. तिथली थरथर नुसती उष्णतेची नसते, आजूबाजूला एटीपी जाळणारी शेकडो यंत्रं ढोसत असतात, आणि पेशीद्रव पाण्यासारखं सरळ वागत नाही. तिथे कडकपणाचं माप घेणं हेच अर्धं संशोधन होऊन बसतं.

कधीकधी मात्र गणित बाजूला ठेवून नॉइजच्या मुळाशी जावं लागतं. डीएनए वाचत पुढे जाणाऱ्या आरएनए पॉलिमरेजची पायरी एका अक्षराएवढी असते, म्हणजे नॅनोमीटरच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढी. स्टॅनफर्डमध्ये ब्लॉक यांच्या गटाला ती मोजायची होती आणि आड येत होती खोलीतली हवा. हवेच्या झुळकांनी लेसरचा झोत किंचित वळत होता. त्यांनी लेसरची वाट बंदिस्त करून तिच्यात हेलियम भरला, कारण हेलियम प्रकाशाला हवेपेक्षा खूपच कमी वळवतो. २००५ मध्ये त्यांनी पायरीचा आकडा दिला, ०.३७ नॅनोमीटर, अधिकउणे ०.०६. काही ट्रेसमध्ये त्या पायऱ्या डोळ्यांनाही दिसतात. तरीही आकडा त्यांनी देखण्या ट्रेसवरून काढला नाही. अनेक ट्रेसमधून मण्याच्या जागांचे हिस्टोग्राम मांडले, त्यांत कुठलं अंतर पुन्हा पुन्हा येतं ते सरासरीने शोधलं, आणि शिखर जिथे उमटलं तो आकडा लिहिला.